पांढऱ्या पदराची लेस

मला एका जागी बसता येत नाही. बँकेच्या रांगेत, दवाखान्याच्या बाकावर, कुणाच्या सत्काराच्या भाषणात माझा पाय हलत राहतो आणि शेजारचा माणूस वैतागून माझ्याकडं बघतो. लहानपणी आत्ती म्हणायची, "ह्या पोरीच्या पायाला भिंगरी न्हाई, अंगातच भवरा हाय." तर अशा मुलीला घरच्यांनी उशीवरची लेस शिकायला धाडलं. सकाळपासून दुपारपर्यंत मान खाली घालून बसावं आणि उठताना बोटभर काम झालेलं असावं, अशी ती कला. मी पहिल्याच दिवशी पळून येणार यावर ताईनं पैज लावली होती.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. आम्ही कराड स्टेशनजवळच्या रेल्वेच्या चाळीत दोन खोल्यांत राहायचो. वडील रेल्वेत पॉइंट्समन. आई मी रांगत असतानाच गेली. घर सांभाळायची ती आत्ती, वडलांची थोरली बहीण. ती लग्न होऊन पलूसकडच्या एका खेड्यात गेली आणि वर्षाच्या आत विधवा झाली. सासरचे पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावून द्यायला तयार होते. पण इकडं आईबाप गेलेले, धाकटा भाऊ उघड्यावर पडलेला, म्हणून ती माहेरी आली ती कायमचीच. आधी तिनं भावाला वाढवलं आणि मग त्याच्या दोन मुलींना. घराचा सगळा गाडा तिच्या एकटीच्या खांद्यावर होता, आणि त्या खांद्यावर बसून तिचेच केस ओढायचं काम माझ्याकडं.

मॅट्रिकला मी गणितात आपटले आणि घरी बसले. बसले म्हणजे नुसतं म्हणायचं. दिवसभर आत-बाहेर करायचे, दारं आपटायचे, ताईशी भांडायचे, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या मोजायचे आणि कुठल्यातरी गाडीत चढून निघून जावं असं मनात आणायचे. एकदा आत्तीचा हात भाजला. स्टेशनच्या अलीकडं एका बैठ्या घरात मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एक बाई राहायच्या, त्यांच्याकडं ती पट्टी बदलायला गेली. आम्ही सगळे त्यांना नर्सबाई म्हणायचो. आत्ती त्यांना म्हणाली, "बाई, आमच्या धाकटीला कायतरी शिकवा. न्हाईतर एक दिस मी तिला हिरीत ढकलीन आन मग मलाबी उडी मारावी लागंल."

नर्सबाईंच्या ओसरीवर चार-पाच मुली बसायच्या. प्रत्येकीच्या मांडीसमोर एक गोल, दगडासारखी घट्ट भरलेली उशी. उशीवर जाड पुठ्ठ्याची पट्टी, पट्टीवर सुईनं टोचलेली भोकं. हीच नक्षी. भोकात पितळी टाचणी खोचायची, लोखंडी नाही, कारण हाताच्या घामानं ती गंजते आणि लेसला डाग पडतो. दोरा गुंडाळलेल्या लाकडी बॉबिन उशीवरून लोंबत असायच्या. मशिनीच्या बॉबिनशी त्यांचं नावापुरतंच नातं. दिसायला त्या बारक्या लाटण्यासारख्या होत्या, आणि खरंच, लाटणी करणाऱ्या एका कातकामवाल्याकडूनच त्या करून घेतल्या होत्या. खाली वजनाला काचेचा मणी. आम्ही मुली त्यांना टिपऱ्या म्हणायचो, कारण हात चालायला लागला की तसाच आवाज यायचा.

"यात दोनच गोष्टी आहेत," नर्सबाई म्हणाल्या. "दोन जोड्या हातात घ्यायच्या. मधल्या दोघी एकमेकींवरून ओलांडायच्या, हा क्रॉस. मग दोन्ही जोड्यांना एकेक पीळ, हा ट्विस्ट. ओलांड आणि पीळ. तिसरं काही नाही."

दोनच गोष्टी असल्यामुळं मला वाटलं, दुपारपर्यंत शिकून होईल. दुपारपर्यंत माझ्या उशीवर चिमणीनं घरटं सोडून दिल्यासारखा गुंता झाला होता. ओलांडायच्या जागी पीळ दिला, पिळाच्या जागी ओलांडलं, एक जोडी भलतीकडं गेली आणि मी चिडून सगळ्या टिपऱ्या एकत्र धरून ओढल्या. नर्सबाई रागावल्या नाहीत. त्यांनी कात्रीसुद्धा घेतली नाही. "आता हे उलट करत जा," म्हणाल्या. "शेवटची चूक आधी, मग तिच्या आधीची."

मी घरी आले ती शपथ घेऊनच, की परत जाणार नाही. पण घरी ताई दारातच हात पुढं करून उभी होती, पैज जिंकल्यासारखी. केवळ तिला हरवायचं म्हणून मी दुसऱ्या दिवशी गेले. मग तिसऱ्या. आणि एक दिवस काय झालं कोण जाणे, बोटांना कळायला लागलं. माझं डोकं गाडीत बसून सांगलीला, पुण्याला, कुठंकुठं फिरून यायचं आणि बोटं तेवढ्यात नक्षीची एक ओळ पुरी करायची. जे पाय थांबत नव्हते त्यांची सगळी चुळबुळ बोटांत उतरली. मला शांत वगैरे काही वाटलं नाही. शांत वाटतं असं म्हणणाऱ्या मुलींवर मी तेव्हाही विश्वास ठेवला नाही. माझ्यासाठी ते धावणंच होतं, फक्त बसून.

नर्सबाईंना माझी लेस वाचता यायची. "काल घरी भांडण झालं," म्हणायच्या. मी तोंड वासून बघायचे. त्या बोट ठेवून दाखवायच्या, इथं दोरा जास्त ताणलाय, कोळ्याचे पाय आखडलेत. कोळी म्हणजे नक्षीतला मधला ठिपका, ज्याच्यातून चहूकडं दोऱ्याचे पाय जातात. त्याच्या शेजारी पंखा, मग परत कोळी. एवढीच आमची नक्षी होती, पंखे आणि कोळी.

त्यांचा एक नियम होता. पहिली नीट झालेली वीतभर लेस स्वतःजवळ ठेवायची नाही, कुणाला तरी द्यायची. त्यांना लेस शिकवणाऱ्या मिशनच्या गोऱ्या मॅडमनीही असंच सांगितलं होतं म्हणे. मी माझी वीत ताईला दिली, पैज हरली म्हणून चिडवायला. ताईनं ती मनगटाभोवती गुंडाळली, उजेडात धरली, आणि चिडायचं सोडून गप्पच झाली. मग म्हणाली, "माझ्या लग्नाच्या साडीला असली लेस करशील?"

ताईचं लग्न ठरत आलं होतं. मुलगा सांगलीला नोकरीला, आणि त्याचे वडील शाळामास्तर. छप्पननंतर आमच्या लोकांनी बौद्ध धर्म घेतला, त्यात आमचंही घर होतं आणि मास्तरांचंही. वडलांनी घरातले देव कृष्णेत सोडले तेव्हा आत्ती काठावर उभी होती. आमच्या घरी तेव्हापासून नारळ फुटला नाही की कुंकवाचा करंडा दिसला नाही. मास्तर त्याहून कडक. बोलणी करायला आले तेव्हा चहाचा कप हातात घ्यायच्या आधी म्हणाले, "पांढरी साडी, पांढरे कपडे. हळद नाही, कुंकू नाही, अक्षता नाहीत. फुलं टाकायची. जुनं एक बोटभर दिसलं तर मी उठून जाईन, आधीच सांगतो." आणि ते उठून जाणारे होते. एका ठिकाणी हळदीचा पाट बघून ते मांडवातून परत फिरले, हे आम्ही ऐकून होतो. वडील म्हणाले, "मास्तर, माझ्या घरात बोटभर जुनं सापडलं तर माझं नाव बदला."

तर पांढरी साडी, आणि तिच्या पदराच्या काठाला माझी लेस. नर्सबाईंच्या धर्मातसुद्धा नवरी पांढऱ्यातच. त्या खूश झाल्या. "बघ," म्हणाल्या, "माझ्या आईचं आणि तुझ्या ताईचं लग्न सारखंच."

पदराच्या रुंदीएवढी लेस म्हणजे फार नव्हे, पण माझ्या मानानं जन्मठेपच होती. हिवाळा संपताना सुरुवात केली आणि लग्न मे महिन्यात. उशी मी घरीच आणली. चाळीत गाडी गेली की भांडी वाजायची, त्यात माझ्या टिपऱ्या वाजायच्या. कोयनेचा मोठा भूकंप होऊन काही वर्षं झाली होती, तरी धक्के यायचेच, आणि एकदा असं झालं की मी हात मांडीवर ठेवून जांभई देत होते आणि समोर टिपऱ्या आपोआप एकमेकींवर टिकटिक करायला लागल्या. मी आत्तीकडं बघितलं, तिनं माझ्याकडं बघितलं, आणि भांडी हलायच्या आत आम्ही दोघी अंगणात होतो. मी उशी छातीशी धरून पळाले होते. शेजारच्या काकू मला हसल्या, "माणसं दागिनं घिऊन पळत्यात, ही उशी घिऊन पळाली." त्या दिवसानंतर मला रात्री झोप नीट लागेना. लेस पुरी होईल का, साडी नीट येईल का, मास्तरांना काही खटकेल का. घरात सगळ्यांचंच तसं झालं होतं. वडील उगाच घड्याळ बघायचे. ताई हसता हसता रडायची. आत्ती तर दोन दोन वेळा भात घालायची आणि परत विचारायची, "मी भात घातला का गं?"

लेस पुरी झाली. मी ती पदराला बारीक टाक्यांनी शिवली, साडी आत्तीच्या पेटीवर पसरून ठेवली आणि नर्सबाईंना बोलवायला धावत गेले. त्या घरी नव्हत्या. मी परत आले तेव्हा दारातून आवाज ऐकू आला. वडील ओरडत होते.

पदराच्या लेसवर मधोमध, एका कोळ्यावर, हळदीचं बोट होतं. त्याच्या शेजारी पंख्यावर कुंकवाचं.

आमच्याकडं जुन्या काळी असंच करायचे. नवं वस्त्र कोरं अंगावर घ्यायचं नाही. कोपऱ्याला हळदीकुंकवाचं बोट लावायचं आणि मग नेसायचं. ते सगळं सोडून इतकी वर्षं झाली होती आणि आता हे. आत्ती भिंतीला टेकून उभी होती. शेजारणीकडून चिमूटभर मागून आणलेली पुडी अजून तिच्या हातातच होती.

"तूच माझं नाक कापलंस आक्का," वडील म्हणत होते. "बाकी कुनी केलं आसतं तर समजलो आसतो. तू?"

आत्ती पुडीच्या कागदाची घडी घालत राहिली.

ताईनं भेदरून साडी उचलली, मोरीत नेली आणि डागावर साबण लावला. आम्ही कुणी काही म्हणायच्या आत पिवळा डाग रक्तासारखा लाल झाला. ताईनं किंकाळी फोडली. मला आठवतंय, मला हसू आलं होतं. भीतीनं मला नेहमी हसू येतं, आणि त्याबद्दल मी कायम बोलणी खाल्ली आहेत.

मी साडी पिशवीत घालून परत नर्सबाईंकडं पळाले. या वेळी त्या घरी होत्या. त्यांनी डाग बघितला आणि पहिलं विचारलं, "साबण कुणी लावला?" मग लिंबू आणायला सांगितलं. लिंबाचा रस लावल्यावर लाल परत पिवळं झालं. "हळदीला ऊन सोसत नाही," त्या म्हणाल्या. "ओलं करून उन्हात धर. पिवळं जाईल. कुंकवाचं मात्र सांगता येत नाही. हल्ली त्यात कसला कसला रंग घालतात."

मग मी अंगणात बसून राहिले. मे महिन्याचं ऊन, डोक्यावर फडकं आणि समोर बाजेवर पदर. वाळला की पाणी शिंपडायचं. तेव्हा कोळशाची इंजिनं होती. गाडी आली की काळी कणी उडून यायची आणि मी पदरावर आडवी पडायचे. गाडी गेली की उठायचे. दिवसभर हेच. संध्याकाळी हळद फिकट झाली, दुसऱ्या दिवशी आणखी फिकट, मग दिसेनाशी झाली. कुंकू मात्र तसंच. लालाचं गुलाबी झालं आणि तिथंच थांबलं.

इकडं आत्तीनं ठरवून टाकलं. एका सकाळी भाकऱ्या थापताना म्हणाली, "मी पलूसला जाते. माज्या दिराच्या पोरीकडं. लगीन झालं की यीन."

वडील आंघोळीला जात होते. थांबले, आणि मग तसेच मोरीत गेले. ताई रडायला लागली. आत्ती म्हणाली, "रडू नगं. मी समूर दिसले की मास्तराला इचारायला जागा. आन त्यो डाग बघून तुझ्या बाला रोज मी दिसनार. मी न्हाई तर समदं नीट हुईल."

ज्या बाईनं ताईला न्हाऊ घातलं, शाळेत सोडलं, टायफॉइडमध्ये जी रात्र रात्र उशाशी बसली, ती ताईच्या लग्नात नसणार होती. मला इतका राग आला की कुणाचा ते कळेना. वडलांचा, मास्तरांचा, आत्तीचाही. कशाला लावलंस गं बाई? पण मनात एकच धरलं, की डाग गेला तर आत्ती राहील.

नर्सबाई म्हणाल्या, लेस उसवत नाही, फक्त कापता आली पाहिजे. डागाचा तुकडा कापून काढायचा. तेवढाच नवा तुकडा त्याच पुठ्ठ्यावर करायचा आणि कोळ्याला कोळी जोडून बारीक सुईनं बसवायचा. नीट बसवला तर जोड दिसत नाही. पण नव्या तुकड्याचा ताण जुन्यासारखा हवा. "तू चिडलेली असलीस तर दिसेल," म्हणाल्या.

चिडलेली तर मी होतेच. पहिला पंखा मी दोनदा उकलला. तिसऱ्यांदा बोटं आवरून धरली, जशी आत्ती उतू जाणाऱ्या दुधाखालचा जाळ ओढून घ्यायची तशी. आत्तीनं एक गाठोडं बांधून दाराआड ठेवलं होतं आणि रोज त्यात काहीतरी घालायची, काढायची. वडील यायचे, जेवायचे, जायचे. माझ्या टिपऱ्यांचा आवाज सोडला तर घर सुतकातलं वाटायचं. मी आयुष्यात एवढी सलग कधी बसले नव्हते.

तुकडा झाला. लग्न परवावर आलं होतं. सकाळची वेळ, वडील खिडकीला आरसा टांगून दाढी करत होते. आत्ती दुपारच्या गाडीनं जाणार होती. कापताना लेस ताणून धरायला कुणीतरी हवं होतं. ताई कात्रीकडं बघायलाच तयार नव्हती, म्हणून मी आत्तीला हाक मारली.

आत्ती समोर बसली. दोन बोटांत लेसची एक बाजू तिनं धरली, दुसऱ्या हातात दुसरी. मी कात्री घेतली. तिचा चेहरा इतका पडला होता की मला राहवलं नाही. मी म्हटलं, "जाऊ दे गं आत्ती. आयुष्यभराची सवय. जुन्या हाताला विसर पडतो. त्यात तुझा काय दोष?"

"सवय?" आत्ती म्हणाली.

तिनं लेस सोडली नाही. माझ्याकडं बघत म्हणाली, "कुनाची सवय गं? माझी? मला कुनी कवा लावू दिलं व्हतं? ह्यो तुजा बा, ह्याला मी ह्या हातानं वाढीवला. ह्याचं लगीन झालं तवा मी परसात चुलीम्होरं बसले व्हते. हळदीच्या पाटाजवळ ग्येले तर बाया म्हनल्या, रांडमुंड बाई, बाजूला हो. कुनाच्या साडीला न्हाई, कुनाच्या बाळाच्या टोपड्याला न्हाई, कश्यालाबी माजं बोट लागलं न्हाई. मग धर्म घेतला. हळद ग्येली, कुकू ग्येलं. बरं झालं. लय बरं झालं, माजी काय तक्रार न्हाई. पर आता बाजूला हो म्हननारं कुनी न्हाई, आन पोरगी माजी हाय. मी इसरून न्हाई लावलं. समजून लावलं. एकदा."

खिडकीपाशी वडलांचा हात गालावरच थांबला होता. अर्ध्या तोंडाला साबण होता. ते वळले नाहीत. आरशात मला त्यांचे डोळे दिसत होते आणि त्यांना आमचे दिसत असणार. वडलांना काय काय आठवलं असेल मला माहीत नाही. ते स्वतःच्या लग्नात पाटावर बसले होते, आणि आक्का कुठं आहे, हे त्यांनी तेव्हा विचारलं नसणार.

माझ्या हातातली कात्री उघडी होती. ताई पुढं आली आणि तिनं साडी आमच्या दोघींच्या हातांतून काढून घेतली. घडी घातली, तो गुलाबी डाग वर येईल अशी.

"कापायचं न्हाई," ताई आत्तीला म्हणाली. "आन मला साडी तू नेसवायची. दुसरं कुनी न्हाई."

"आन मास्तर?" आत्ती म्हणाली.

"त्यांचं त्ये बघतील."

ताई असं कधी बोलायची नाही. मऊ मुलगी होती ती. बोलून झाल्यावर तिची तीच घाबरली आणि माझ्याकडं बघायला लागली. आत्ती दुपारच्या गाडीला गेली नाही, पण गाठोडंही सोडलं नाही. ते दोन दिवस दाराआड तसंच होतं आणि येता-जाता माझी नजर त्याच्यावर जायची. मी केलेला नवा तुकडा नर्सबाईंनी नेला आणि चाळीत नुकत्याच झालेल्या एका बाळाच्या टोपड्याला लावला. आई-बाळ कोण, हे मला आता आठवतसुद्धा नाही. तेव्हा आठवावं एवढं लक्षच नव्हतं माझं.

लग्न स्टेशनजवळच्या शाळेच्या पटांगणात होतं. पत्र्याखाली दोन तसबिरी, मेणबत्त्या, मोगऱ्याची टोपली. आत्तीनं ताईला साडी नेसवली आणि आपण बायकांच्या सगळ्यात मागं, पाण्याच्या पिंपापाशी जाऊन उभी राहिली. मी तिच्याजवळ उभी होते. पाय आवरत नव्हते. ती मला चिमटा काढत होती, हलू नको म्हणून.

ताई पुढं आली. पदर डाव्या खांद्यावरून मागं नेऊन उजवीकडून पुढं घेतलेला, लेस समोर. पांढऱ्यावर तो गुलाबी ठिपका लांबूनसुद्धा दिसत होता. निदान मला दिसत होता. मास्तर तसबिरीजवळ उभे होते. त्यांनी चष्मा सारखा केला, पदराकडं बघितलं, मग वडलांकडं.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं. आवाज मोठा नव्हता, पण पुढच्या रांगेतली कुजबुज थांबली.

मला वाटलं, वडील सांगतील, धुतलं पण गेलं नाही. म्हातारं माणूस, चुकून झालं. हे म्हणणं सोपं होतं आणि मास्तरांनी ते कदाचित चालवूनही घेतलं असतं.

वडील म्हणाले, "माज्या बहिनीनं लावलंय. चुकून न्हाई. इधवा हाय ती. त्या वक्ताला तिला कुनी लावू दिलं न्हाई, माज्या लग्नातबी न्हाई. मीबी न्हाई. तुमाला उठून जायाचं आसंल तर जावा, मास्तर. पर मी त्ये पुसनार न्हाई."

लांबून मालगाडी येत होती, तिचे डबे एकेक करून जात राहिले आणि मांडवात कुणी हललं नाही. मास्तरांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. तो मळला होता असं मला वाटत नाही.

"कुठायत त्या?" ते म्हणाले. "मागं का उभ्या? ज्यांनी वाढवलं त्यांनी पुढं यायचं. आपल्यात कुणी बाजूला नसतं, तेवढ्यासाठीच तर हे सगळं केलं ना आपण?"

वडील स्वतः मागं आले आणि आत्तीचा हात धरून तिला घेऊन गेले. बायका बाजूला सरकून वाट देत होत्या. ताईच्या अगदी शेजारी तिला उभं केलं. तिला हात कुठं ठेवावेत ते कळेना. लग्नात तिचे हात कायम पिठात असायचे, नाहीतर खरकट्यात. कुणीतरी तिच्या ओंजळीत मोगऱ्याची फुलं दिली.

वंदना झाली. वचनं झाली. सगळ्यांनी फुलं टाकली, टाळ्या वाजल्या. आत्तीची ओंजळ मिटलेलीच. ती इकडंतिकडं बघत होती, कुणी नको म्हणतंय का, बाजूला हो म्हणतंय का. ताईनं मान वळवली.

"टाक की गं, आत्ती," ती म्हणाली. "मी थांबलेय."

मग आत्तीनं फुलं टाकली.